सरांची लाठी

सकाळी उठल्यावर उजव्या हाताचा अंगठा मोकळा करायला मामांना दहा मिनिटं लागत. गरम पाण्याच्या मगात तो बुडवून बसायचं, मग हळूहळू वाकवायचा, मग पुन्हा बुडवायचा. पस्तीस वर्षं लेथवर लाकूड कातून एवढं तरी कमावलं, असं ते म्हणत. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या आणि मधल्या जिन्यावर कितीही झाडलं तरी भुसा. लग्न केलं नव्हतं. "मला कोण मुलगी देणार? मी शिंकलो तरी भुसा उडतो," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. आताशा त्यावर कुणी हसत नसे, कारण सगळ्यांचा तो ऐकून झाला होता.

पूर्वी ते खुर्च्यांचे पाय आणि जिन्यांचे कठडे कातत. गेली वीस वर्षं मात्र बहुतेक काम एकाच जातीचं होतं: लाठ्या, लाकडी तलवारी, भाल्यांचे दांडे. त्याला कारण त्यांचे भाऊजी. थोरल्या बहिणीचे यजमान टायरच्या दुकानावरच्या मोठ्या हॉलमध्ये शस्त्रांचा वर्ग चालवत. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. सरांची मुलगी लहानपणी हॉलच्या दारातूनच "मामा, माझी काठी!" म्हणून ओरडायची. ते ऐकून ऐकून वर्गातले सगळेच यांना मामा म्हणायला लागले, आणि त्यात यांच्यापेक्षा वयानं मोठे दोघं होते.

हॉलमध्ये प्रत्येकाचं एकेक लाडकं शस्त्र होतं. बसच्या तिकीटखिडकीवर बसणारा एक लठ्ठसा माणूस लाकडी तलवारीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसे. भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक भाला घेत. "माणसांपासून अंतर ठेवायची सवय आहे मला," असं कारण ते द्यायचे. दोन बहिणी वेताच्या आखूड काठ्या दोन्ही हातांत घेऊन अशा तुटून पडत, की घरचं भांडण इथे आणलंय की काय असं वाटावं. नवा येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तलवार मागायचा. सर त्याच्या हातात लाठी द्यायचे आणि तीन महिने ती कुणावर उगारू द्यायचे नाहीत. ती घेऊन चालायचं, वळायचं, जमिनीवर ठेवायची, आवाज न करता उचलायची. "हातात लाठी असताना दार उघडता आलं पाहिजे, जिना उतरता आला पाहिजे, नाक शिंकरता आलं पाहिजे. मग मारायचं बघू," असं ते म्हणत. तीन महिन्यांत निम्मे लोक कंटाळून सोडून जात. उरलेल्यांचा हात बसे.

सरांची स्वतःची लाठी वेगळी असायची. हॉलच्या कोपऱ्यातल्या छोट्या ऑफिसात, दाराच्या मागे, एका खुंटीवर. मामांनी ती अकरा वर्षांपूर्वी पांढऱ्या, चिवट लाकडातून कातून दिली होती आणि तिला कुणी हात लावायचा नाही हे सांगावं लागत नसे.

त्या गुरुवारी तिला हात लागला.

सरांना यायला उशीर झाला होता. भाची आता बावीस वर्षांची होती आणि वडील नसले की वर्ग तीच घ्यायची. तिनं जोड्या लावल्या. तिची स्वतःची जोडीदार म्हणजे वर्गात डावरी म्हणून ओळखली जाणारी एकोणीस वर्षांची मुलगी. दोघी चार वर्षं एकत्र शिकत होत्या. भाचीनं आपली लाठी उचलली, बोटांनी चाचपली, तर टोकाजवळ केसाएवढी चीर. चिरलेली लाठी वापरायची नाही हा सरांचा पहिला नियम. तिनं ती बाजूला ठेवली. रॅकवरच्या सगळ्या लाठ्या वाटून झाल्या होत्या. मग तिनं विचार केला, की हॉलमध्ये सगळ्यात भरवशाची लाठी कुठली असणार, आणि ती ऑफिसात गेली.

डोक्यावरून वार आणि आडव्या लाठीनं अडवणं, हा दोघींनी हजारदा केलेला धडा होता. सातव्या की आठव्या वाराला सरांची लाठी मधून मोडली. पुढचा तुकडा डावरीच्या लाठीवरून उलटून खाली आला आणि त्याचं फाटलेलं टोक तिच्या भुवईपासून गालापर्यंत ओरखडत गेलं. डोळा वाचला. पण त्याला मार बसला, सात टाके पडले, आणि पुढचे कितीतरी दिवस तिला कपात चहा ओततानाही धार नेमकी कुठे पडतेय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी डावरीची आई हॉलमध्ये आली. ती पोस्टात काउंटरवर काम करायची. आवाज चढवणारी बाई नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "लाकूड कुणाकडचं होतं?"

तिकीटखिडकीवाला म्हणाला, "सगळं मामांकडचंच असतं."

"हो," सर म्हणाले. "चौकशी करतो मी."

त्या आठवड्यात हॉलमधल्या चौतीस लाठ्या तपासणीसाठी मामांच्या वर्कशॉपमध्ये आल्या. टायरच्या दुकानाचा टेम्पो त्या दारात ओतल्यासारख्या टाकून गेला. मामांनी दोन दिवस काम बंद ठेवून एकेक लाठी तपासली. खिडकीपाशी नेऊन लाकडाचा धागा, म्हणजे त्यातल्या उभ्या रेघा, सरळ आहे का ते पाहिलं, जमिनीवर आपटून आवाज ऐकला, दोन्ही टोकं धरून गुडघ्यावर वाकवली. तीन जुन्या होत्या, त्या काढून टाकायला हव्या होत्या. बाकी सगळ्या ठणठणीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा अंगठा एवढा सुजला, की शर्टाची बटणं काढता येईनात. ते तसेच शर्टासकट झोपले.

त्यांनी सरांना फोन केला. "भाऊजी, मोडलेली कुठाय? तीच बघायला हवी."

"टाकली," सर म्हणाले.

"टाकली?"

"रक्त लागलं होतं. घरात कशाला ठेवायची?"

मामांनी फोन ठेवला.

पण तुकडे टाकलेले नव्हते. अपघाताला नऊ दिवस झाले तेव्हा भाची दुपारची वर्कशॉपमध्ये आली. काखेत टॉवेलची गुंडाळी. डोळे सुजलेले. तिनं गुंडाळी लाकडी बाकावर ठेवली आणि उलगडली.

"बाबांनी टाकायला सांगितले होते. मी पलंगाखाली ठेवले."

"कशाला गं?"

"मला खरं सांग मामा. मी फार जोरात मारलं का? मला त्या दिवशी वाटत होतं, आज हात किती छान चालतोय. लाठी हातात आहे असं वाटतच नव्हतं. मी चढून गेले होते. मी जरा जपून मारायला हवं होतं का?"

मामांनी चष्मा लावला. तुकडा हातात घेतला आणि तो हलका लागला. हातांना वजन कळतं, डोक्याला नंतर कळतं. त्यांनी तुकडा उजेडात धरला. मुठीची जागा होती तशी होती, अठ्ठावीस मिलिमीटर, त्यांनीच ठेवलेली. तिथून पुढे मात्र लाठी हळूहळू बारीक होत गेली होती. इतकी बेतानं, की दुरून पाहणाऱ्याला कळू नये. मुठीपासून दोन वितींवर ती सगळ्यात बारीक होती आणि नेमकी तिथेच मोडली होती. त्यांनी बोट फिरवलं. लेथवर कातलेल्या लाकडावर वळसे आडवे असतात. इथे उभ्या, बारीक, सलग रेघा होत्या. काचेच्या तुकड्यानं बसून, जपून, वेळ घेऊन तासल्यावर पडतात तशा. वर तेलाचा हात फिरवलेला.

हे एका दिवसाचं काम नव्हतं. आणि त्या खुंटीवरच्या लाठीला हात लावणारा माणूस एकच होता.

"मामा?"

"तुझी काही चूक नाही," ते म्हणाले.

"मग?"

मामांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"लाकूडच खराब निघालं. आतून."

भाचीनं सुटकेचा श्वास टाकला. मामांना वाटलं, झालं, निभावलं. पण श्वास टाकून झाल्यावर ती त्यांच्याकडे बघत राहिली. मामांनी ती रांगत असल्यापासून तिला पाहिलं होतं, पण ही नजर त्यांच्या ओळखीची नव्हती.

"मग तू तपासून का नाही दिलंस?"

"अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे बाळा."

"तिचा डोळा गेला असता मामा."

"हो."

"नुसतं हो काय म्हणतोस?"

ती टॉवेल तिथेच टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असतो त्या वेळी मामा तिथे गेले. सर ऑफिसात टेबलाशी बसले होते. मामांनी दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. खालून टायरमध्ये हवा भरण्याचा आवाज येत होता.

"कुठे मिळाले?" सरांनी विचारलं.

"पोरीनं ठेवले होते." मामा समोरच्या स्टुलावर बसले. "काचेनं तासलीत?"

सरांनी एक तुकडा उचलून उलटा ठेवला. मग म्हणाले, "आधी पॉलिशपेपरनं. पण त्यानं फार वेळ लागायचा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. एकदम नाही. थोडी तासली की वाटायचं, हां, आता जमतंय. मग दोन-तीन महिन्यांत पुन्हा जड व्हायची."

त्यांनी उजवा हात बाजूनं उचलायला सुरुवात केली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. चेहऱ्यावर घामाचे थेंब उभे राहिले. दुसऱ्या हातानं त्यांनी तो खाली आणला, एखादी वस्तू उतरवून ठेवावी तसा.

"खांद्याच्या आतली शीर फाटलीय म्हणाला डॉक्टर. शिवायची तर सहा महिने हात गळ्यात. आणि शिवूनही या वयात कितपत येईल, सांगता येत नाही म्हणाला."

"मला सांगायचं होतं. हलक्या लाकडाची करून दिली असती. तुम्ही वर्गाला नुसती दाखवायला वापरली असती."

"तू विचारलं असतंस, कशाला हवी म्हणून."

"विचारलं असतं."

"मग ताईला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं."

"मग?" सर म्हणाले. जणू प्रश्न तिथेच मिटला.

मामांना रागवायचं होतं. येताना जिन्यावर त्यांनी दोन-तीन वाक्यं मनात घोळवलीही होती. पण समोर बसलेला माणूस बासष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली होती. तेवढी सरळ करायलाही त्याचा उजवा हात पोचत नव्हता. मामांचा राग आला तसा बसला. एवढा थकवा आला त्यांना, की तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

"पोरीला वाटत होतं तिनंच जोरात मारलं," ते म्हणाले. "मी सांगितलंय लाकूड खराब होतं म्हणून."

सरांनी वर पाहिलं. "बरं केलंस."

जिना उतरताना मामांच्या डोक्यात तो 'बरं केलंस' वाजत राहिला. दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दोन वर्गांनी निरोप पाठवला, की सध्या नवीन काही करू नका. मामांनाही काही करवत नव्हतं. ते लेथ सुरू करत, पटाशी टेकवत, आणि दहा मिनिटांत बंद करून बाकावर आडवे होत. लाकडाचा व्यापारी आला तर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. पोस्टात जायचं त्यांनी टाळलं. विजेचं बिल भरायला दोन स्टॉप लांबच्या पोस्टात गेले.

रविवारी मात्र ताईकडे जेवायला जावंच लागे, कारण न जाण्याचं कारण सांगता आलं नसतं. दोन रविवार त्यांनी सर्दी सांगितली. तिसऱ्या रविवारी ताईनं फोनवर सुनावलं, "सर्दी घेऊन ये. मी काय तुझा मुका घेणार आहे?"

जेवायला चौघंच होते. ताईनं वाढलं. सर डाव्या हातानं चमचा धरून जेवत होते, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, म्हणजे बरेच दिवस ते तसंच जेवत असणार. भाची मामांशी एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या ताटाशेजारी वहीचं एक पान होतं, त्यावर नंबर लिहिलेले.

"हे काय गं?" ताईनं विचारलं.

"मामा ज्यांना ज्यांना लाठ्या देतो ते सगळे वर्ग. सात आहेत. जेवण झालं की फोन करणार आहे मी." ती मग पहिल्यांदा मामांकडे वळली. आवाज कोरडा होता, पण दुष्ट नव्हता. "तुझं वाईट करायचं म्हणून नाही मामा. पण त्या काळातलं लाकूड अजून कुणाकडे असेल तर त्यांना कळायला नको?"

"कळायला हवं," मामा म्हणाले. "कर फोन."

"अगं, पण त्याच्या पोटावर..." ताई म्हणाली.

"आई, सात टाके पडलेत तिला."

"करू दे ताई," मामा म्हणाले. त्यांनी खरंच मनाची तयारी केली होती. आता हे दुकान बंद झालं तरी चालेल, अंगठ्याला तरी सुट्टी मिळेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

सरांनी चमचा खाली ठेवला.

"फोन करू नकोस."

"का?"

"लाकूड चांगलं होतं."

सरांनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला, पण प्यायले नाहीत. "ती लाठी मी तासली होती. काचेनं. मला पेलवत नव्हती, म्हणून. मामाला माहीत होतं. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं तुला."

ताईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "सहा महिने मी यांना शर्ट घालून देतेय," ती म्हणाली. "मला म्हणाले, झोपेत हात अवघडला."

भाची तिच्या वहीच्या पानाकडे बघत होती. मामांना वाटलं, आता ही ओरडेल, ताट लोटून देईल. ती ओरडली असती तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

"म्हणजे माझा हात चांगला चालत नव्हता," ती म्हणाली. "लाठीच हलकी होती."

तिनं पान चारदा दुमडलं, उठली, स्वतःचं ताट धुऊन जागेवर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. सर त्या बंद दाराकडे पाहत बसले. ताई मग हळू आवाजात मामांना म्हणाली, "तू जेव. गार होतंय." आणि मामा जेवले, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी सरांचा फोन आला. "पोस्टात जातोय. येतोस?"

"मी कशाला?"

"नुसता उभा राहा."

पोस्टात गर्दी होती. दोघांनी नंबर घेतला आणि भिंतीलगतच्या बाकावर बसले. काउंटरवर डावरीची आई शिक्के मारत होती. एका म्हाताऱ्याचं पार्सल पुन्हा पुन्हा सुटत होतं आणि ती ते न कंटाळता पुन्हा बांधून देत होती. बत्तीस मिनिटांनी यांचा नंबर लागला.

सरांनी सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, खांद्याचं दुखणं फार ताणलं नाही. त्यांच्या मागे उभी असलेली बाई घसा खाकरत होती. डावरीची आई हातातला शिक्का तसाच धरून ऐकत होती.

"महिना झाला," ती म्हणाली. "महिनाभर मी सगळ्यांना यांचं नाव सांगतेय." तिनं मामांकडे पाहिलं. "तुमच्या लाकडामुळे झालं म्हणून. आमच्या इमारतीत सगळ्यांना सांगितलं मी."

"चालायचंच," मामा म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

मामांना हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. ते तर नुसते उभे राहायला आले होते.

"नवव्या दिवशी."

"मग त्यानंतर तुम्ही गप्पच होता."

"हो."

"माझी मुलगी मला रोज विचारायची. माझं अडवणं चुकलं का गं, माझा पवित्रा चुकला का. चार वर्षं शिकली ती तुमच्याकडे," ती सरांना म्हणाली. मग पुन्हा मामांना. "मला तुमची कीव यायला लागली होती आत्ता. पण तुम्हीही तसलेच."

ती रडली नाही. तिनं मागच्या बाईला खूण केली. "पुढचे."

बाहेर आल्यावर दोघं बसस्टॉपवरच्या बाकावर बसले. ऊन होतं. सरांचा हात मांडीवर उलटा पडला होता. मामा आपला अंगठा चोळत होते. तिचं शेवटचं वाक्य त्यांना झोंबलं होतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण दुसऱ्याचं ओझं वाहतोय. कुणाची मुलगी आरशासमोर उभी राहून आपल्या पवित्र्यात चूक शोधत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी आपल्या भाचीला सोडवलं होतं, तेवढंच.

"दुखतो का?" सरांनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहून विचारलं. वीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं असेल.

"सकाळी जास्त."

"माझं रात्री."

बस आली. दोघांना उठायला वेळ लागला म्हणून ड्रायव्हरनं दार उघडं ठेवलं.

त्या संध्याकाळी सरांनी वर्गालाही सांगितलं. भूगोलाचे शिक्षक म्हणाले, "आम्हाला चीर दिसली तर लाठी टाकायला लावायचात." दोन बहिणींनी वर्ग सोडला. तिकीटखिडकीवाला राहिला. सरांनी खांद्याचं ऑपरेशन करून घेतलं. हात शिवला गेला, पण डोक्यावर जाईल असं डॉक्टरनं कबूल केलं नाही. लाठीचा वर्ग भाचीकडे आला. सर भिंतीशी खुर्ची टाकून बसतात, आणि एखाद्याचा पाय चुकला तर तोंडानं सांगतात. कधी कधी सांगता सांगता डुलकी लागते. मुलं हळू आवाजात धडा पुढे चालू ठेवतात.

डावरीची नजर दोन महिन्यांनी ठीक झाली. ती हॉलमध्ये परत आली नाही. भाची तिच्या घरी तीनदा गेली. तिसऱ्यांदा डावरीनं दार उघडलं, आणि दोघी तासभर बसल्या एवढंच मामांना कळलं. पोस्टातली बाई आता मामांना पाहिलं की मान हलवते. ओळखीची म्हणावी तर तशी, नाही म्हणावी तर तशी.

मामांनी काम कमी केलं आहे. सकाळी तीन तास, बस्स. दोन वर्गांपैकी एकाचं काम परत आलं. दुसऱ्याचं आलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

परवा भाची आली. स्वतःसाठी नवी लाठी हवी होती. जेवताना ती आता मामांशी बोलते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. मामांनी तीन लाठ्या काढून बाकावर ठेवल्या, तिच्या उंचीच्या, हातानं निवडलेल्या लाकडाच्या. पूर्वी तिनं पहिली उचलली असती आणि पळाली असती. या वेळी तिनं पिशवीतून वजनकाटा काढला. जाडी मोजायचा कॅलिपर मामांचाच मागितला. प्रत्येक लाठी पाच ठिकाणी मोजली, वहीत लिहिली, जमिनीवर आपटून कान लावला, गुडघ्यावर वाकवली, खिडकीशी नेऊन टोकापासून टोकापर्यंत पाहिली. पाऊण तास गेला. मामा स्टुलावर बसून बघत होते. कुणीतरी त्यांच्या कामावर एवढा वेळ अविश्वास दाखवतंय याचं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

"ही नको. वाकवताना आवाज येतोय," ती म्हणाली.

"बरं."

"ही एका बाजूला जड आहे. चौदा ग्रॅमनं."

"चौदा ग्रॅम कुणाला कळतात?"

"मला कळतात."

तिसरी तिनं दोनदा तपासली. मग खिडकीपाशी थांबली आणि टोकापासून हातभर अंतरावर नख टेकवलं. "इथे धागा आडवा जातोय."

मामा उठले. चष्मा लावून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. लाठी उजेडात फिरवली, पुन्हा पाहिलं, आणि मग दिसलं. केसाएवढं, पण होतं. त्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं.

"खरंच की," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, दुसरी करतो. मंगळवारी ये."

"बुधवारी येते. मंगळवारी वर्ग आहे." तिनं वजनकाटा पिशवीत टाकला. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "घाई करू नकोस. अंगठा दुखत असेल तर पुढच्या आठवड्यात दे."

ती गेल्यावर मामांनी तिन्ही लाठ्या उचलून कोपऱ्यात टाकल्या. मागच्या शेडमध्ये जाऊन लाकडाच्या ढिगातले दांडे एकेक करून उजेडात धरायला सुरुवात केली. पाचवा बरा वाटला. तो त्यांनी बाकावर ठेवला, स्वतः बाकाच्या रिकाम्या भागावर आडवे झाले आणि डोळे मिटले.